सोनार किल्ला : घर की देखावा?

महाराष्ट्रातील बहुतेक किल्ले आज रिकामे आहेत. रायगड असो वा देवगिरी, सकाळी लोक वर चढतात, सायंकाळी उतरतात आणि रात्री तेथे केवळ दगड उरतात. जैसलमेरचा किल्ला तसा नाही. त्रिकूट टेकडीवरील या पिवळ्या दगडाच्या किल्ल्यात आजही माणसे राहतात. गल्लीत दूधवाला फिरतो, ओट्यावर म्हातारी माणसे उन्हाला बसतात आणि पहाटे जिनालयाची घंटा वाजते. आठ शतकांहून अधिक काळ तो वसलेला आहे. जिवंत किल्ला म्हणून जग त्याचे कौतुक करते. मात्र या कौतुकासाठी येणाऱ्या गर्दीच्या भारानेच त्याचे जिवंतपण ओसरू लागले आहे आणि ही गोष्ट जैन व्यापारी समाजाला परकी मानता येणार नाही. हे शहर ज्यांच्या धनाने व श्रद्धेने घडले, त्यांत या समाजाचे पूर्वज अग्रभागी होते.

रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये हा किल्ला वसवला. त्यापूर्वी भाटी राजांची राजधानी जवळच्याच लोद्रवा येथे होती. सिंध आणि त्यापलीकडील प्रदेशांतून येणारे उंटांचे तांडे या वाटेने जात. रेशीम, मसाले, सुका मेवा, अफू असा माल येथे उतरे, जकात भरली जाई, हुंड्या वटत. राजा तलवार सांभाळी आणि महाजन हिशोब सांभाळी. या महाजनांनी मिळवलेल्या संपत्तीचा मोठा वाटा किल्ल्यातील सात जैन मंदिरांत गेला. पार्श्वनाथ, संभवनाथ, शीतलनाथ, चंद्रप्रभ, ऋषभदेव, शांतिनाथ आणि कुंथुनाथ यांची ही मंदिरे प्रामुख्याने १५व्या व १६व्या शतकांतील आहेत. तोरणे, स्तंभ, छतावरील नर्तिका यांचे कोरीव काम पाहताना दगड मेणासारखा मऊ असावा असा भास होतो.

संभवनाथ मंदिराच्या तळघरात या शहराचे खरे धन आहे. खरतरगच्छाचे आचार्य जिनभद्रसूरी यांनी १५व्या शतकात तेथे ज्ञानभंडार स्थापन केले. वाळवंटाच्या पोटात, आक्रमकांच्या वाटेपासून दूर, ताडपत्री पोथ्या सुरक्षित राहतील ही त्यामागची दृष्टी होती. १८७४ मध्ये ब्यूलर आणि याकोबी हे पाश्चात्त्य पंडित या भंडारापर्यंत पोहोचले. पुढे २०व्या शतकाच्या मध्यास मुनी पुण्यविजयजी यांनी तेथे दीर्घकाळ राहून पोथ्यांची छाननी, सूची आणि सुरक्षित मांडणी केली. तळघरातील अरुंद जागेत बसून एकेक जीर्ण पान उलगडणाऱ्या त्या साधूचे काम म्हणजे ज्ञानभक्तीचा आदर्शच होय. आज मंदिरात येणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना पायाखालच्या या भंडाराचा पत्ताही नसतो. त्यांच्या वेळापत्रकात सातही मंदिरांसाठी मिळून जेमतेम अर्धा तास असतो.

किल्ल्याच्या पायथ्याशी पटव्यांच्या पाच हवेल्या आहेत. बाफणा कुळातील गुमानचंद पटवा यांनी आपल्या पाच पुत्रांसाठी १९व्या शतकाच्या आरंभी हे काम सुरू केले आणि ते पूर्ण होण्यास अनेक दशके लागली. जरीच्या व्यापारामुळे पटवा हे नाव पडलेल्या या घराण्याच्या पेढ्या दूरदूरच्या शहरांत होत्या. पण पुढे व्यापाराचे मार्ग बदलले. मुंबईचे बंदर वाढले, माल आगगाडीने आणि आगबोटीने जाऊ लागला आणि उंटांच्या तांड्यांचे महत्त्व ओसरले. १९४७ च्या फाळणीने सिंधचा रस्ताच बंद केला. घरटी माणसे बाहेर पडली. मारवाडातील ओसवाल कुटुंबे त्याच्या आधीपासूनच महाराष्ट्राच्या गावोगावी येऊन स्थिरावत होती. पुणे, अहिल्यानगर, नाशिक, जळगाव या भागांत बाफणा, भन्साळी ही आडनावे आज अगदी मराठी झाली आहेत. ओसवालांची ही कुळे मात्र त्या वाळवंटातही तितकीच जुनी आहेत. लोद्रवा येथील पार्श्वनाथ मंदिराचा १७व्या शतकातील जीर्णोद्धार थारूशाह भन्साळी यांनी केला, तर अमरसागरच्या तलावाकाठचे आदिनाथ मंदिर बाफणा घराण्याने उभारले.

व्यापार गेल्यावर जैसलमेर जवळजवळ विस्मरणात गेले होते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांमुळे सीमेचे महत्त्व वाढले, रस्ते झाले, लोहमार्ग आला. १९७४ मध्ये सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि बंगालमधून प्रवाशांची रीघ लागली. त्यामागून परदेशी आले, मग साऱ्या देशातून लोक येऊ लागले. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पर्यटन आले नसते, तर कित्येक हवेल्यांचे कोरीव झरोके केव्हाच उपटून विकले गेले असते. ज्या तरुणांना पोटासाठी गाव सोडावे लागले असते, त्यांना घरच्या घरी रोजगार मिळाला. पाहुण्याने या शहराला जगवले, हे खरे आहे. प्रश्न मर्यादेचा आहे. औषध आणि विष यांतील भेद अनेकदा केवळ मात्रेचा असतो.

जैसलमेरमध्ये ही मात्रा पाण्याच्या रूपाने सर्वांत स्पष्ट दिसते. शतकानुशतके किल्ल्यातील घरांत पाणी येई ते डोक्यावरून. खाली गडीसर तलाव होता, तेथून घागरी भरून स्त्रिया चढण चढत. एका घागरीचे पाणी किती कामांना पुरवायचे याचे शास्त्र प्रत्येक घरात होते आणि सांडपाणी असे ते नाममात्र. त्या बेताने घरे बांधली गेली, त्या बेताने गटारे काढली गेली. २०व्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले, नंतर कालव्याचे पाणी जिल्ह्यात पोहोचले. रहिवाशांचा तो हक्कच होता. पण त्यापाठोपाठ घरांची अतिथिगृहे झाली, प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह जोडले गेले आणि वाळवंटातील टेकडीच्या माथ्यावर रोज पाणी ओतले जाऊ लागले. ही टेकडी एकसंध कातळाची नाही. तिच्यात वालुकाश्माच्या थरांबरोबर पाणी प्यायल्यावर फुगणारे मातीचे मऊ थर आहेत. गळक्या नळांतून आणि तुंबलेल्या गटारांतून झिरपलेले पाणी या थरांत शिरते, पाया सरकतो आणि भिंतींना तडे जातात.

किल्ल्याच्या तटाला ९९ बुरूज आहेत. शत्रूच्या वेढ्यांना पुरून उरलेला हा तट घरातल्या पाण्यापुढे हतबल झाला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने १९९६ मध्येच त्याला संकटग्रस्त वास्तूंच्या जागतिक यादीत घातले. १९९८ मध्ये तटाचा भाग कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. राणी महालाची दुरुस्ती झाली, गटारांची कामे झाली, २०१३ मध्ये राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचे नाव आले. त्यानंतरही २०२४ च्या पावसाळ्यात तटबंदीचा एक भाग ढासळलाच. यादीत नाव आले म्हणून पायातले पाणी आटत नाही. उलट यादीतील नावामुळे पाहुणे वाढतात आणि पाहुण्यांबरोबर पाणीही वाढते.

दगडांची झीज डोळ्यांना दिसते. शहराच्या स्वभावाची झीज तशी दिसत नाही. जेथे किराणा, कापड, पितळी भांडी यांची दुकाने होती, तेथे आता एकाच ठशाच्या पिशव्या, चादरी आणि उंटांच्या खेळण्यांच्या माळा लटकतात. यात दुकानदाराला दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. रहिवाशाला महिन्यातून एकदा लागणारे मीठ-मसाले विकून जे मिळते, त्याहून कितीतरी अधिक प्रवाशाला आठवणवस्तू विकून एका दिवसात मिळते. कोणताही व्यापारी हा हिशोब चुकणार नाही. घरमालकही घर भाडेकरूला देण्याऐवजी रात्रीच्या पाहुण्यांना देतो, त्याचाही हिशोब बरोबर आहे. प्रत्येकाची वही जुळते आणि शहराची मात्र तूट येते. रोजच्या सामानासाठी दूर जावे लागते, शांतता हरवते, मुलांना खेळायला गल्ली उरत नाही आणि एकेक कुटुंब खाली नव्या वस्तीत राहायला जाते. शेवटचे कुटुंब गेल्यावर जिवंत किल्ला ही पाटी तेवढी उरेल.

शहराच्या कथाही अशाच बदलतात. जैसलमेरजवळ कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव आहे. एका रात्रीत गाव रिकामे झाले, तेथे शाप आहे, भुते आहेत, अशी गोष्ट प्रवाशांना सांगितली जाते आणि ती ऐकण्यासाठी लोक जातात. त्या पालीवालांची खरी थोरवी वेगळीच होती. पावसाचे वाहून जाणारे पाणी बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर वाळवंटात गहू-हरभरा पिकवायचा, ही खडीनची पद्धत त्यांनी विकसित केली. अत्यल्प पावसाच्या प्रदेशात शेती उभी करणाऱ्या माणसांची ओळख आज भुताखेतांच्या गोष्टीत बुडाली आहे, कारण भूत विकले जाते आणि खडीन विकली जात नाही. मांगणियार गायकांचेही तसेच. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी जन्म, विवाह आणि मृत्यू या प्रसंगी गाणारे हे मुस्लिम कलावंत यजमानांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवत. वाळूच्या टेकड्यांवरील तंबूंत त्यांच्याकडून आता दहा मिनिटांत आटोपणारे, ओळखीचे गाणे मागितले जाते. पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण गाणे ज्याच्यासाठी होते तो प्रसंग, ते घर आणि तो श्रोता नाहीसा होतो.

हे केवळ जैसलमेरचे दुःख नाही. इटलीतील व्हेनिस हेही व्यापाऱ्यांनी घडवलेले शहर. पूर्वेकडील मसाल्यांच्या व्यापारावर ते श्रीमंत झाले आणि त्याच्या रिआल्टो भागात एकेकाळी युरोपचे भाव ठरत. १९५१ मध्ये त्याच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. रिआल्टोजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत उरलेल्या रहिवाशांचा आकडा दाखवणारा फलक लावलेला आहे. औषध घेणारे गिऱ्हाईक किती उरले, याची ती नोंदच म्हणायची. तेथे १ ऑगस्ट २०२१ पासून प्रचंड प्रवासी जहाजांना शहरालगतच्या मुख्य जलमार्गावर बंदी घालण्यात आली आणि २०२४ मध्ये दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ठरावीक दिवशी पाच युरो प्रवेशशुल्क बसवले गेले. शहरात शिरायला तिकीट लागू लागले, की ते शहर राहिले की संग्रहालय झाले, हा प्रश्न तेथील रहिवासी विचारतात. उपाय उशिरा सुचला की तोही व्याधीसारखाच दिसू लागतो.

जैन समाजाने हा प्रश्न अलीकडे स्वतःच्या अंतःकरणात अनुभवला आहे. २४ पैकी २० तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेल्या सम्मेद शिखरजीचा पर्यटनस्थळ म्हणून विकास होणार, या कल्पनेने २०२२ च्या अखेरीस देशभर मोर्चे निघाले, बाजारपेठा बंद राहिल्या. अखेर ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटन व निसर्गपर्यटनाच्या कामांना स्थगिती दिली. त्या वेळी समाजाचे म्हणणे स्पष्ट होते : ही भूमी दर्शनासाठी आहे, मौजेसाठी नाही. जे येथे येतील त्यांनी येथील मर्यादा पाळावी. तोच पर्वत संथाळ आदिवासींनाही मारांग बुरू म्हणून पूज्य आहे, याचीही त्या निमित्ताने अनेकांना जाणीव झाली. एकाच स्थानावर अनेकांची श्रद्धा असू शकते, पण त्यांपैकी कोणाचीही श्रद्धा म्हणजे करमणुकीचे साधन नव्हे.

मग जो न्याय शिखरजीला, तोच इतरांच्या गावांनाही लागू होतो. सुटीत मोठमोठे समूह घेऊन निघणारी, सोबत स्वयंपाकाचा महाराज आणि शिधा नेणारी, चार दिवसांत सहा शहरे उरकणारी कुटुंबे याच समाजात आहेत. जैसलमेरच्या हवेल्या आणि वाळूच्या टेकड्या यांच्या पार्श्वभूमीवर होणारे थाटाचे विवाह हीदेखील व्यापारी घराण्यांत प्रतिष्ठेची बाब झाली आहे. तीन दिवसांच्या समारंभासाठी वाळवंटात शेकडो पाहुण्यांच्या स्नानाचे पाणी लागते, कृत्रिम हिरवळ लागते, रात्रभर दिवे आणि ध्वनिक्षेपक लागतात. वऱ्हाड परत जाते. पाणी टेकडीच्या पोटात मुरलेले असते आणि कचरा वाळूत राहिलेला असतो. अशा विवाहात आठशेहून अधिक वर्षांच्या शहराचा उपयोग छायाचित्राच्या पडद्याइतकाच होतो, तोही अनेकदा मंदिरातील भगवंतांचे दर्शन न घेता.

श्रावकाच्या आचारधर्मात याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. बारा व्रतांतील दिग्व्रत प्रत्येक दिशेला किती जायचे याची मर्यादा घालते. भोगोपभोग परिमाण व्रत वापरायच्या वस्तूंचे माप ठरवते. अनर्थदंड विरमण व्रत निष्कारण होणाऱ्या हिंसेपासून परावृत्त करते. ज्या काळी प्रवास कष्टाचा होता, त्या काळी प्रवासाला मर्यादा हवी हे आचार्यांना सुचले, ही विस्मयाची गोष्ट आहे. जाता येते एवढ्यासाठी जाऊ नये आणि जावे तेथे जीवांची व जनांची जयणा ठेवावी, असा त्याचा आशय.

तीर्थयात्रेची छ’री पालित संघाची प्रथाही याच विचारातून आली. पायी चालणे, एकदाच आहार घेणे, भूमीवर निजणे, ब्रह्मचर्य पाळणे, सचित्ताचा त्याग करणे आणि नित्य आवश्यक क्रिया करणे, असे तिचे सहा नियम. यात्रेकरू ज्या गावातून जाई, त्या गावावर त्याचा भार कमीत कमी पडे. उलट संघपती त्या गावात जीर्णोद्धाराला, पाणपोईला, पांजरपोळाला काही देऊन जाई. यात्रेकरू गावाला देऊन पुढे जात असे. आजचा प्रवासी पैसे देतो हे खरे, पण ते बहुतेक स्वतःच्या सुखसोयींसाठी आणि त्यांतील बराच वाटा ज्या गावाला तो पाहायला आला, त्या गावात राहतही नाही.

जिनालयात पाऊल ठेवताना श्रावक ‘निसीहि’ म्हणतो. संसाराचे व्यापार बाहेर ठेवले, असा त्याचा अर्थ. कॅमेऱ्यातून मूर्तीकडे पाहणाऱ्या परक्या प्रवाशाला हा शब्द ठाऊक नसतो, त्याबद्दल त्याला बोल लावता येत नाही. परंतु ज्याला तो लहानपणापासून ठाऊक आहे, त्याने मंदिराच्या पायऱ्यांवर भ्रमणध्वनी उंच धरून आपलीच छबी टिपत राहावे, ही मात्र आशातनाच होय. जैसलमेरच्या मंदिरांत पर्यटकांसाठी वेळेची आणि चामड्याच्या वस्तूंची बंधने आहेत. ती बंधने पाळून घेण्यात पुजाऱ्यांची व व्यवस्थापकांची शक्ती खर्च होते आणि किल्ल्याच्या परिसरातील जैन वस्ती विरळ झाल्याने पूजेच्या वेळी श्रावक थोडे, प्रेक्षक फार, अशी स्थिती अनेक दिवशी असते.

यावर घरोघरी करता येण्याजोगे काही आहे. जैसलमेरला जाणाऱ्या कुटुंबाने मुक्काम किल्ल्यावर न करता खाली गावात करावा. एवढ्या एका निश्चयाने टेकडीच्या माथ्यावरील पाण्याचा भार हलका होतो. एका दिवसात सारे उरकण्याऐवजी तीन दिवस राहून लोद्रवा आणि अमरसागरही पाहावे, म्हणजे गर्दी विभागते आणि मुलांना इतिहास कळतो. खरेदी ज्या हातांनी वस्तू घडवली त्या हातांकडून करावी. सकाळची पूजा मंदिरात करावी, म्हणजे त्या मंदिराला प्रेक्षकाऐवजी श्रावक लाभेल. ज्या घराण्यांची जुनी घरे अशा शहरांत कुलूपबंद आहेत, त्यांनी ती विकण्यापूर्वी किंवा पाहुण्यांच्या खोल्यांत रूपांतरित करण्यापूर्वी एखाद्या स्थानिक कुटुंबाला, पाठशाळेला किंवा साधू-साध्वींच्या उपाश्रयाला ती देता येतील का, याचा विचार करावा. नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे परंपरा मानते. ज्या वस्तीमुळे मंदिराला अर्थ आहे, ती वस्ती टिकवणे हाही जीर्णोद्धारच समजला पाहिजे.

आणि विवाहासारख्या प्रसंगी वडीलधाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारावा : आपण ज्या गावात समारंभ करणार, त्या गावातील किती माणसांना तेथे बसून जेवायला बोलावणार? जुन्या काळी मारवाडातील महाजनाच्या घरी लग्न म्हणजे साऱ्या गावाला जेवण असे. त्या गावाची ओळख नसेल, तर तेथे मंडप घालण्यात काय अर्थ?

पटव्यांच्या हवेलीत आज तिकीट काढून जाता येते. आत जुन्या चोपड्या, तिजोऱ्या, तराजू मांडून ठेवले आहेत. प्रवासी ते पाहून पुढे सरकतात. त्या चोपड्या लिहिणाऱ्या माणसांनी आपल्या नफ्यातून मंदिरे बांधली, तलाव खोदले आणि ताडपत्रांवर ग्रंथ लिहवून घेतले. त्यांच्या वंशजांपैकी कोणी महाराष्ट्रातून तेथे गेला, तर त्याने तराजूसमोर क्षणभर थांबावे आणि त्या शहराकडून आपण काय घेतले आणि त्याला काय दिले, याचा हिशोब त्याच प्रामाणिकपणे मांडावा. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्याला असा हिशोब अवघड नसतो.